तारतम्य कुणाच्या हाती?

सत्र न्यायालयात निकालाच्या दिवशी एक क्षण येतो. मागच्या बाकावर बसून तो मी अनेकदा पाहिला आहे. आरोपी दोषी ठरल्याचं वाचून झालेलं असतं. घरच्यांपैकी कुणीतरी तोंडाला पदर लावून बाहेर गेलेलं असतं, ड्यूटीवरचा पोलीस पिंजऱ्याजवळ सरकलेला असतो. मग न्यायाधीश आरोपीकडे पाहून विचारतात, "शिक्षेबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे का?" वकिलाने कितीही तयारी करून घेतलेली असली, तरी इथे माणूस आपल्याच भाषेत बोलतो. "साहेब, घरात कमावणारा मी एकटाच." "आई अंथरुणाला खिळलीय." "पोरगी दहावीला आहे, तिचं वर्ष जाईल." लघुलेखक तेवढं टिपून घेतो आणि शिक्षेसाठी दुपारनंतरची वेळ दिली जाते.

हा प्रश्न निव्वळ सौजन्य म्हणून विचारलेला नसतो. १८९८ च्या जुन्या फौजदारी संहितेत त्याला जागाच नव्हती. दोषी ठरवायचं आणि त्याच दमात शिक्षा सांगायची, अशी रीत होती. १९७३ ची नवी संहिता आली तेव्हा कलम २३५(२) मध्ये शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं ऐकून घेणं सक्तीचं झालं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, असं ऐकून न घेता दिलेली फाशी रद्द करून खटला शिक्षेच्या मुद्द्यापुरता परत पाठवला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम २५८ मध्ये आहे. गुन्हा घडला का, हा एक प्रश्न. आणि समोरच्या माणसाचं काय करायचं, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी कायद्याने राखून ठेवलेली ही वेळ आहे.

पण काही खटल्यांत हा प्रश्न विचारतानाच न्यायाधीशांना ठाऊक असतं, की उत्तर काहीही आलं तरी फरक पडणार नाही. कलमातच लिहिलेलं असतं: अमुक वर्षांपेक्षा कमी नसेल इतकी कैद. आईचं आजारपण खरं असेल, गुन्ह्यातला वाटा अगदी बारीक असेल, वय एकोणीस असेल. त्या आकड्याखाली उतरायला पायरीच ठेवलेली नसते. याला कायद्याच्या भाषेत किमान शिक्षा म्हणतात. गेल्या चाळीस वर्षांत संसदेने आणि राज्यांच्या विधिमंडळांनी हा मार्ग वाढत्या उत्साहाने धरला आहे. त्यातून नेमकं काय घडतं, याबद्दल आपल्याकडे जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही, असं मला वाटतं.

मुळात १८६० च्या भारतीय दंड संहितेची ठेवण वेगळी होती. बहुतेक कलमं 'तीन वर्षांपर्यंत', 'सात वर्षांपर्यंत', 'दहा वर्षांपर्यंत' अशी. वरचं छत ठरलेलं, खालची जमीन मोकळी. त्याच कलमाखाली एकाला सहा महिने होऊ शकत, दुसऱ्याला सहा वर्षं. अपवाद मोजके होते. खुनाला फाशी किंवा जन्मठेप, त्याखाली काही नाही. दरोडा किंवा जबरी चोरी करताना प्राणघातक हत्यार वापरलं तर कलम ३९७ प्रमाणे सात वर्षांच्या खाली नाही. आणि एक कलम ३०३: जन्मठेप भोगत असलेल्या माणसाने खून केला तर फाशी. 'किंवा' हा शब्दच नाही.

या कलम ३०३ ची कथा मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून जरा थांबून सांगतो. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तुरुंग होता. ज्याला आधीच जन्मठेप झाली आहे त्याला आणखी कशाची भीती दाखवणार, मग त्याने पहारेकऱ्याचा जीव घेतला तर, हा त्यांचा हिशेब. पण कलमाच्या शब्दांत तुरुंगाचा उल्लेखच नव्हता. कल्पना करा, एकाने खोटं मृत्युपत्र तयार केलं. त्या गुन्ह्यालाही कायद्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. तो पॅरोलवर गावी आला आणि बांधावरच्या भांडणात त्याच्या हातून खून झाला. त्याला फाशीच. आणि सुपारी घेऊन तीन माणसं मारणारा, पण आधी कधीही न सापडलेला, त्याच्यासाठी मात्र फाशी की जन्मठेप याचा विचार होणार. ७ एप्रिल १९८३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मिठू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. निकाल लिहिला तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. त्यांचा मुख्य मुद्दा साधा होता. शिक्षेबाबत ऐकून घेण्याचा हक्क आणि फाशी देताना खास कारणं लिहून ठेवण्याचं बंधन, ही दोन्ही संरक्षणं या कलमाने एका फटक्यात पुसून टाकली होती. जन्मठेपेचा कैदी इतर खुन्यांपेक्षा हमखास अधिक धोकादायक असतो, याला आधार काय, हेही त्यांनी विचारलं. तो आधार नव्हता. परिस्थिती न पाहता जीव घेणारी तरतूद समतेच्या आणि जीविताच्या हक्काला धरून नाही, असा तो निर्णय.

इथवर वाचून किमान शिक्षा म्हणजे सरळसरळ वाईटच, असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. या मागणीला एक अस्सल वेदना चिकटलेली आहे आणि ती महाराष्ट्राला चांगली ओळखीची आहे.

मार्च १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा तर्क होता. रात्रीच्या वेळी ठाण्यात, गणवेशातल्या माणसांपुढे. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर महिला रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्काराला किमान सात वर्षं, पोलीस कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा. मात्र एक खिडकी उघडी ठेवली होती: 'पुरेशी आणि विशेष कारणं' निकालपत्रात नोंदवून न्यायाधीशाला किमानपेक्षा कमी शिक्षा देता येईल.

त्या खिडकीतून काय आत आलं? १९८९ मध्ये हरियाणातल्या एका खटल्यात दोन पोलीस दोषी होते, दहा वर्षांची किमान शिक्षा झालेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पाचवर आणली, आणि त्यामागे पीडित मुलीच्या वर्तनाकडे बोट होतं. खालच्या कोर्टांतही आरोपीचं तरुण वय, त्याची जाणारी नोकरी, मुलीचं झालेलं लग्न, अशी कारणं 'विशेष' म्हणून लिहिली जात राहिली. ज्या बायकांनी आयुष्यभर हे निकाल वाचले त्यांना न्यायाधीशाचं तारतम्य म्हणजे पुरुषी दयामाया वाटू लागली तर नवल नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली कायदा पुन्हा बदलला, तेव्हा ती खिडकी बंद झाली. तिच्याबद्दल अश्रू ढाळणारे तेव्हा थोडेच होते, आणि त्यांच्या बाजूला उभं राहणं सोपं नव्हतं.

तेव्हा न्यायाधीशांवर विश्वास ठेवा म्हटलं की भागत नाही. मला जे विचारायचं आहे ते वेगळंच आहे. न्यायाधीशाच्या हातून काढून घेतलेलं तारतम्य पुढे कुठे जातं? ते नाहीसं होतं का?

अमली पदार्थांचा कायदा घ्या. १९८५ साली तो आला तेव्हा स्वतःच्या सेवनापुरत्या चिमूटभर मालाचा अपवाद सोडला तर जवळजवळ सगळ्यांना एकच माप होतं: किमान दहा वर्षं. पुडी विकणारा पोरगा आणि कंटेनर भरून माल आणणारा, दोघांची सुरुवात दहापासून. सोळा वर्षांनी, २००१ मध्ये, सरकारने चूक सुधारली आणि प्रमाणानुसार तीन पायऱ्या केल्या. हेरॉइन असेल तर पाच ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, अडीचशे ग्रॅमपासून पुढे व्यापारी प्रमाण, मधलं मध्यम. चरससाठी शंभर ग्रॅम आणि एक किलो. गांजासाठी एक किलो आणि वीस किलो. मध्यम प्रमाणात शिक्षा दहा वर्षांपर्यंत कितीही होऊ शकते, म्हणजे न्यायाधीश दोन वर्षंही देऊ शकतात. व्यापारी प्रमाण झालं की दहा ते वीस वर्षं आणि किमान एक लाख रुपये दंड. जामीनही जवळजवळ अशक्य.

हे ऐकायला रास्त वाटतं. आता वजनकाट्यासमोर उभे राहा. पंचनामा चालू आहे, दोन पंच उभे आहेत, इलेक्ट्रॉनिक काट्यावर प्लास्टिकच्या पिशवीत चरस आहे. आकडा ९९० ग्रॅम आला तर या माणसाच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय न्यायाधीश करतील. आकडा १०१० आला तर तो निर्णय काट्याने केलेला आहे. पिशवीचं वजन वजा केलं का, मालात ओल होती का, दोन भावांकडे मिळून सापडलेला माल एकाच्याच नावावर दाखवला का, या बारीक गोष्टींवर दहा वर्षं टांगलेली असतात. आणि त्या बारीक गोष्टी घडतात तेव्हा तिथे कोर्ट नसतं.

यात २०२० साली आणखी एक गाठ बसली. रस्त्यावर विकलं जाणारं हेरॉइन शुद्ध नसतं. त्यात काहीबाही पावडर मिसळलेली असते. वजन कशाचं धरायचं? आधीच्या २००८ च्या निकालाने म्हटलं होतं, शुद्ध अंशाचं. एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो निकाल बदलला. सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. भेसळीचा मालही तितकाच विकला जातो आणि तितक्याच लोकांना नादी लावतो, हे त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण परिणाम हिशेब करून पाहा. एकाकडे २४० ग्रॅम जवळजवळ शुद्ध हेरॉइन आहे: मध्यम प्रमाण, न्यायाधीशाला मोकळीक. दुसऱ्याकडे २६० ग्रॅम पावडर, तिच्यात हेरॉइन शेकडा दोन, म्हणजे जेमतेम पाच ग्रॅम: व्यापारी प्रमाण, किमान दहा वर्षं. शुद्ध माल साखळीच्या वरच्या टोकाला असतो. भेसळ होत होत तो खालच्या टोकाला, झोपडपट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या पोराकडे येतो. हा फरक निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायाधीशाला दिसतो, पण त्याबद्दल त्याला काही करता येत नाही.

याच कायद्यात १९८९ पासून दुसऱ्यांदा मोठ्या प्रमाणात सापडलेल्याला फाशीची सक्ती होती. ती मोडली मुंबई उच्च न्यायालयाने. १६ जून २०११ रोजी न्या. अजय खानविलकर आणि न्या. भंगाळे यांच्या खंडपीठाने मिठू खटल्याचा धागा पकडून, फाशी 'दिलीच पाहिजे' याऐवजी 'देता येईल' असं त्या कलमाचं वाचन केलं. २०१४ मध्ये संसदेने कलमातच तसा बदल केला. शस्त्र कायद्यातली फाशीची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये काढली. म्हणजे सक्तीच्या फाशीबाबत आपली न्यायालयं ठाम राहिली आहेत. वर्षांच्या सक्तीबाबत मात्र ती साधारणपणे म्हणतात, की हा विधिमंडळाचा अधिकार आहे. फाशी आणि वीस वर्षांची कैद यांत फरक आहेच. पण बाविसाव्या वर्षी आत गेलेल्या माणसासाठी वीस वर्षं म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारायला हवं.

तारतम्य जिथे जातं ते दुसरं ठिकाण आपल्याला 'मोक्का' या शब्दातून रोज भेटतं. महाराष्ट्राने १९९९ साली संघटित गुन्हेगारीविरुद्ध हा कायदा केला. मुंबईतल्या टोळीयुद्धांचा आणि खंडणीचा काळ होता, गरज खरी होती. संघटित गुन्ह्याला किमान पाच वर्षं कैद आणि किमान पाच लाख रुपये दंड. पाच लाख तेव्हाचे. आता वर्तमानपत्रातली भाषा बघा: "अमुक टोळीवर मोक्का लावला", "तमुकवरचा मोक्का हटवला." लावणारं कोण? कायद्यात ते स्पष्ट आहे. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि खटला चालवायला अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी. हे अधिकारी जबाबदार असतात, कायद्याने मुद्दाम वरचा दर्जा ठेवला आहे, हे मान्य. तरीही एकाच मारामारीतल्या सहा पोरांपैकी कुणाला मोक्का आणि कुणाला साधी कलमं, हा निर्णय बंद दाराआड होतो. न्यायाधीशाने एखाद्याला कमी शिक्षा दिली तर त्याला कारण लिहावं लागतं, ते निकालपत्र कुणीही वाचू शकतं, सरकार अपिलात जाऊ शकतं. एखाद्याला जड कलम लावायचं ठरलं नाही, तर त्याचं कारण पीडिताच्या घरच्यांना कुठे वाचायला मिळतं?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. किमान शिक्षेने तारतम्य संपत नाही. उघड्या कोर्टातून ते ठाण्याच्या टेबलावर जातं. कलम कोणतं टाकायचं, वजन किती दाखवायचं, नाव घ्यायचं की सोडायचं, यातच शिक्षा ठरून जाते. आणि जिथे कलमाची किंमत दहा वर्षं असते तिथे ते कलम न लावण्याचीही किंमत तयार होते. गरिबाला ती परवडत नाही.

बिहारने हे फार लवकर अनुभवलं. एप्रिल २०१६ मध्ये तिथे संपूर्ण दारूबंदी झाली, २ ऑक्टोबरला नवा कायदा लागू झाला. नुसती दारू प्यायली तरी किमान पाच वर्षांची कैद आणि किमान एक लाख रुपये दंड. दारूने घरं उद्ध्वस्त झालेल्या हजारो बायकांची ती मागणी होती; त्यांच्या मागणीला कुणी नावं ठेवू नयेत. पण जुलै २०१७ मध्ये या कायद्याखाली जहानाबादच्या कोर्टात जी शिक्षा झाली ती कुणाला? मोलमजुरी करणाऱ्या दोन भावांना. पाच वर्षं कैद आणि प्रत्येकी एक लाख दंड, दारू प्याल्याबद्दल. रोजंदारीवरचा माणूस एक लाख कुठून आणणार? वर्षभरात सरकारला कायदा सैल करावा लागला. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने कैद किंवा पन्नास हजार दंड. तरी कोर्टं तुंबलेलीच राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी दूरदृष्टी न ठेवता केलेल्या कायद्याचं उदाहरण म्हणून याच कायद्याचं नाव घेतलं. पाटणा उच्च न्यायालय जामीनअर्जांनी भरून गेलं होतं. २०२२ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि पहिल्यांदा पिऊन सापडलेल्याला दोन ते पाच हजार रुपये दंड भरून सुटण्याची सोय आली. पाच वर्षांवरून दोन हजार रुपयांवर, सहा वर्षांत. दरम्यान जी माणसं आत होती त्यांची वर्षं कोणत्या दुरुस्तीने परत मिळणार?

कडक शिक्षेचा आणखी एक परिणाम आहे. तो उलट्या बाजूने येतो आणि मागणी करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. शिक्षा जितकी जड, तितका पुरावा काटेकोर हवा, असं न्यायालयं मानतात आणि ते बरोबरच आहे. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात घटनापीठाने अमली पदार्थांच्या कायद्याबद्दल हेच सांगितलं: शिक्षा कठोर आहे म्हणून झडतीचे नियम तंतोतंत पाळले गेलेच पाहिजेत. त्यामुळे झडतीच्या वेळी आरोपीला त्याचा हक्क नीट सांगितला नाही एवढ्यावरून खटले कोसळतात. पण कधी कधी न्यायाधीश पुराव्याऐवजी कायद्याची व्याख्याच आवळतात, आणि मग भलतंच होतं.

जानेवारी २०२१ मधला नागपूर खंडपीठाचा निकाल वाचकांना आठवत असेल. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो सांगून घरात नेलेलं. खालच्या कोर्टाने बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्याच्या कलम ८ खाली तीन वर्षं दिली होती. तीच किमान शिक्षा. उच्च न्यायालयाने म्हटलं, कपड्यावरून स्पर्श झाला, त्वचेचा त्वचेशी संपर्क झाला नाही, म्हणून पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही. दंड संहितेच्या विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्ष. देशभर संताप उसळला आणि तो योग्यच होता. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. उदय लळीत यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, तो निकाल रद्द करून तीन वर्षांची शिक्षा पुन्हा कायम केली. त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. नागपूरच्या निकालपत्रातच लिहिलेलं होतं, की शिक्षेचं कठोर स्वरूप पाहता अधिक काटेकोर पुरावा लागेल. व्याख्या आवळण्यामागे तो विचार होता. त्या निकालाचं समर्थन मी कधीही करणार नाही. पण शिक्षेची खालची पायरी काढून घेतली की काही न्यायाधीश गुन्ह्याचीच पायरी खाली आणतात, हे त्यातून उघड दिसलं. त्याची किंमत त्या लहान मुलीने भरली, आणि शिक्षेच्या महिन्यांवरच्या वादाऐवजी तिच्यावर झालं ते झालंच का, असा वाद देशाने ऐकला.

हे सगळं घडत असताना राज्यं मात्र एकमेकांशी चढाओढ केल्यासारखी कडक विधेयकं आणत राहिली. २०१९ मध्ये आंध्र प्रदेशाचं दिशा विधेयक, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राचं शक्ती विधेयक, सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालचं अपराजिता विधेयक. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतुदींना राज्यघटनेच्या कलम २५४(२) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. ती यांच्यापैकी एकालाही मिळाली नाही. बंगालच्या विधेयकात तर बलात्कारात मृत्यू झाल्यास फाशी हीच एकमेव शिक्षा ठेवली होती. मिठू निकालाला चाळीस वर्षं उलटून गेल्यावर. दरवेळी एखादी भयंकर घटना घडलेली असते आणि लोकांचा राग खरा असतो. विधिमंडळाला त्या रागाला आठ-पंधरा दिवसांत काहीतरी उत्तर द्यायचं असतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या रिकाम्या जागा भरणं, साक्षीदाराला संरक्षण देणं, विशेष न्यायालयाला स्वतःचा सरकारी वकील देणं, यात वेळ आणि पैसा जातो. कलमातला आकडा वाढवायला एक रुपयाही लागत नाही.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट सांगतो. गंभीर गुन्ह्यांना किमान शिक्षा असावी. देसाईगंज विसरून ती काढून टाका म्हणणं मला शक्य नाही. पण खिडकी हवी, आणि तिला गज हवेत. कोणती कारणं ग्राह्य आणि कोणती नाहीत, हे कायद्यातच लिहून ठेवावं. पीडितेचं चारित्र्य, आरोपीची सामाजिक प्रतिष्ठा, नंतरचं लग्न जुळवणं ही कारणं नावानिशी बाद करावीत. गुन्ह्यातला वाटा, वय, मालाची शुद्धता ही ग्राह्य धरावीत. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधल्या २८३ व्या अहवालात पॉक्सोबाबत अशीच वाट सुचवली आहे. संमतीचं वय अठराच ठेवावं. मात्र सोळा ते अठरा वयाच्या मुलीची स्वतःहून जवळीक असेल तर शिक्षा ठरवताना विशेष न्यायालयाला मोकळीक द्यावी, वयातलं अंतर तीन वर्षांपेक्षा जास्त नसावं, पूर्वीचे गुन्हे नसावेत, अशा अटींसह.

ही वाटही सगळीकडे पोचत नाही, हे पश्चिम बंगालच्या एका प्रकरणाने दाखवलं. मुलगी चौदा वर्षांची, घर सोडून निघून गेलेली, पुरुष पंचविशीतला. तिला मूल झालं. विशेष न्यायालयाने त्याला वीस वर्षं सक्तमजुरी दिली. २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने किशोरवयीन मुलींना उपदेश करणारी भलतीच भाषा वापरून त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला आणि गुन्हा झाला आहे हे निःसंदिग्धपणे सांगून दोषसिद्धी कायम केली. आता कायद्याप्रमाणे शिक्षा अटळ होती. तेव्हा न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमून त्या मुलीला, आता सज्ञान झालेल्या आईला, काय वाटतं हे विचारायला लावलं.

समितीने जे कळवलं ते वाचून मन सुन्न होतं. जे घडलं त्यापेक्षा नंतर जे झालं त्याने ती जास्त पोळली होती. पोलीस ठाणं, कोर्टाच्या चकरा, वकिलांचे पैसे, डोक्यावरचं कर्ज, मांडीवर लेकरू आणि नवऱ्याला सोडवायची धडपड. ती चौदा वर्षांची असताना तिच्यापुढे काही पर्यायच ठेवला गेला नव्हता, हेही न्यायालयाने लपवलं नाही. घर, समाज आणि यंत्रणा तिघांनी तिला वाऱ्यावर सोडलं होतं. २३ मे २०२५ रोजी, न्या. ओक निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी, न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम १४२ चा आधार घेऊन त्या माणसाला उरलेली शिक्षा भोगायला न पाठवण्याचा आदेश दिला. तिच्या पुढच्या शिक्षणाची आणि लेकराची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. आणि हा निर्णय पायंडा म्हणून वापरता येणार नाही, असंही लिहून ठेवलं.

कलम १४२ चा अधिकार देशात एकाच न्यायालयाला आहे. तिथवर पोचायला त्या मुलीला सात वर्षं लागली. ठाण्याच्या, अलिबागच्या किंवा गडचिरोलीच्या विशेष न्यायाधीशांपुढे उद्या सकाळी अशीच एखादी मुलगी उभी राहील, तेव्हा ते तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतील, लघुलेखक ते टिपून घेईल, आणि मग त्यांना कलमातला आकडा वाचून दाखवावा लागेल.